बर्फाच्या बागेचं आवतण

शिरूर अनंतपाळ
नागपंचमीचा दुसरा दिवस

जन्नत,

तुला नमस्कार लिवणार न्हाई, सलाम बी न्हाई. मी रागात हाय. मुबश्शिरा, तूच वाचून दाखवायलीस ना दादीला? मग तेवढी ओळ पुन्हा वाच, जरा आवाज चढवून. मी रागात हाय.

फोन तू उचलत न्हाईस. शिवांगी म्हणली, आज्जी, मेसेज टाक. म्या म्हणलं, मेसेजात भांडता येत न्हाई बाई, सुरू व्हायच्या आत संपतं. म्हणून पोस्टातून पाकिटं आणायला लावली. तिसरीत शाळा सुटली तव्हापासून दिवाळीला दारावर शुभ-लाभ लिवते तेवढंच. तव्हा अक्षराला हसू नका. हसायचं असंल तर समोर येऊन हसा.

तुझ्या दाराला कुलूप हाय हे मला कुणी सांगावं? उदगीर गाडीच्या कंडक्टरनं. म्हणला, तुमच्या जन्नतबी सामानसुमान घेऊन नांदेडला गेल्या की. त्या तिकीटवाल्याला ठाऊक आन मला न्हाई. तुझ्या जिलानीनं चपलांचं दुकान नांदेडला नेलं, लई चांगलं झालं, पोरगा कर्तबगार हाय, त्याला माझा आशीर्वाद सांग. पण तो कैक वर्षं बोलवत होता तव्हा तू काय म्हणायचीस? नांदेडच्या पाण्याला चव न्हाई. मग आता आली का चव?

काल पंचमीचा झोका बांधला. शिवांगी एकटीच बसली. ती आन मुबश्शिरा, दोघींच्या वजनानं सरळ जायचा झोका, तो तिरका जायला. दोनदा खांबाला धडकला. मग उतरली आन म्हणली, मला भूक न्हाई.

तुझ्या ओट्यावर शेळ्या बसून घाण करून राहिल्यात. म्हणून मी संध्याकाळी तिथं जाऊन बसते. शेळ्या हाकलायला. दुसरं काही न्हाई.

आता कामाचं बोलते. पोरींच्या बागेची समिती झाली. माझे दीर शेषेराव भाऊजी अध्यक्ष, आन जमीन देणारी म्हणून मी बी हाय, खुर्चीवर बसवतात. तुला आठवत असंल, का नांदेडात ते बी विसरलीस? मोंढ्यापुढच्या शिमिटाच्या रस्त्यावर आपल्या नाती चाकाचे बूट घालून पळायच्या, आन आपण दोघी रस्त्याच्या दोन टोकांना हात आडवे करून उभ्या राहायचो, गाडी आली की वरडायला. उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मुबश्शिराच्या ओढणीला घासून गेली त्या दिवशी तूच म्हणलीस, गुणा, पोरींना जागा पायजे. म्या म्हणलं, गावालगतचं माझं रान देते. तू म्हणलीस, मग माझ्या रानाची पट्टी बी घे, तिच्याशिवाय रस्त्यावरून वाट कुठून मिळंल? तू म्हणलीस. म्या मागितली न्हवती.

आन ऐक, बागेत बर्फाचं घर होणार हाय. चारी बाजूंनी बंद. आत सगळा बर्फ, त्यावर पोरी घसरणार. भाऊजी हैदराबादला लग्नाला गेले तव्हा बघून आले, तव्हापासून दुसरं बोलत न्हाईत. गाव हसायलंय. मी हसत न्हाई. मला लई आवडलं. तू असतीस तर तुला बी आवडलं असतं, पण तू न्हाईस.

तर त्या पट्टीचा कागद करायचा हाय, तुझी सही लागते. तेवढ्यासाठी पत्र लिवलं. आन कशासाठी न्हाई.

आन येळवशीचं, मार्गशीर्ष अवसेच्या रानातल्या जेवणाचं, मी विसरलेली न्हाई. दरसाली आदल्या दिवशी शेंगा-भाज्यांच्या भज्जीची चिंच तू भिजवतीस आन उजाडायच्या आत वाडगं घेऊन माझ्या मागच्या दारानं येतीस. गेल्या साली आली न्हाईस. रानात कडब्याची कोप घातली, पाच दगडांचे पांडव मांडले, आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन म्या रानाला फेरा मारला, लातूरची सुद्धा माणसं जेवून गेली, आन मी सारखी आपल्या दोन रानांमधल्या धुऱ्याकडं बघायली. तुला काय आवतण पायजे होतं का? बोलवल्यावर येतो तो पाव्हणा. तू पाव्हणी कव्हापासून झालीस? म्या त्या वेळी विचारलं न्हाई. कामून विचारू? न येणारानं सांगायचं असतं.

गुणा


पोळा झाल्यावर, बाजाराचा दिवस

जन्नत,

एका पाकिटाचं उत्तर न्हाई. बरं.

पोळा झाला. बैल गेले तव्हापासून गव्हाणीत मातीचे बैल मांडते, त्यांना बी पुरणपोळी दाखवते. गोठ्यात आता उंदीर तेवढे खरे. पण मी बैलांचं सांगायला बसले न्हाई.

मी बर्फावर उभी राहिले.

मुबश्शिरा, थांब इथं. दादीचं तोंड बघ आन मग पुढं वाच.

समितीची जीप हैदराबादला गेली बघायला. भाऊजी, लातूरची नकाशावाली समीक्षा, तेलाच्या घाण्याचे गुरुपादप्पा, मी आन शिवांगी. अप्पांना वाटंत तीनदा उलटी झाली, ते सोड. तिथं बाजारातच, कपड्याच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, बर्फाचं अंगण. सारवल्यासारखं साफ. दार उघडलं की अशी थंडी अंगावर येते, येळवशीच्या पहाटेवाणी. तिथं बूट देतात, त्याला चाकं न्हाईत, खाली विळ्यासारखं पातं. म्या म्हणलं, ह्यानं बर्फावर चालायचं का बर्फ कापायचा?

तिथली बाई हिंदीत म्हणली, माँजी, साडीत न्हाई जमणार. म्या म्हणलं, बाई, ही नऊवारी हाय. कासोटा मागं घट्ट, पाय दोन्ही मोकळे. तुझ्या पँटीपेक्षा बरी. ती हसली आन खाली बसून तिनंच माझे बूट बांधले.

शिवांगी चाकावर शिकलेली, तरी आधी कठड्याला धरून राहिली. मग कठडा सोडला. जन्नत, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा पळतो? तशी गेली. माझ्या डोळ्याला पाणी आलं, थंडीनं असंल. मला माझी नात हाय ह्याचा एवढा आनंद तिच्या बारशाला बी झाला न्हवता. सगळ्यांना सांगायली होते, माझी हाय, ती निळ्या टोपीची, माझी. लोक तेलुगूत काहीबाही म्हणले, चांगलंच म्हणले असतील.

मग मी. एक पाय सरकवला. मग दुसरा. मग बसले. भाऊजी गावभर सांगत्यात की वहिनी पडल्या. पडले न्हाई, बसले. बूड गार पडलं आन मला असं हसू आलं की उठवंना. समीक्षा उठवायला आली तर ती बी शेजारी येऊन बसली, म्हंजे ती मात्र पडली.

तिथं बसल्या बसल्या हाताला बर्फाचा चुरा लागला, आन मला दर्ग्याचा उरूस आठवला. आपण दोघी नव्या नवऱ्या, पदराआड लाल बर्फाचा गोळा खाल्ला होता. तुझ्या सासूनं जीभ बघितली. तू म्हणलीस, पान खाल्लं. ती म्हणली, पानानं दात कडकड वाजत न्हाईत.

तेवढं आठवलं आन हसू जाग्यावर गोठलं. एवढी मोठी मजा झाली आन तू न्हवतीस. जीपमधी तुझ्यासाठी जागा होती, तिथं अप्पांची उलटीची बादली ठेवली होती. ह्याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावरच काढते.

पट्टीचं काय ते कळव.

गुणा


घट बसले तो दिवस

जन्नत,

दोन पाकिटं गिळून बसलीस. पोस्टाला दोष देणार न्हाई, मुबश्शिरानं शिवांगीला सांगितलंय पत्रं पोचतात म्हणून. तू म्हणे चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचतीस. वाचतीस तर बोल की.

बैठक झाली. समीक्षानं नकाशा भिंतीला लावला. कडेनं चालायची वाट, झोके, लिंबाखाली म्हाताऱ्यांना कट्टा, आन बायांसाठी टॉयलेट. ते म्या मागितलं. सगळे पुरुष खाली बघायले, जसं काय त्यांच्या घरच्या बायांना कधी लागतच न्हाई. मधी पत्र्याचं उंच घर, पत्र्याला आतून जाड थर देणार म्हंजे ऊन शिरत न्हाई, वर सोलर. आत बर्फ.

गुरुपादप्पा उठले. म्हणले, एखादी म्हातारी पडून कंबर मोडली तर समिती काय करंल? बघत होते माझ्याकडं. म्या म्हणलं, अप्पा, तुमची कंबर तर घाण्याच्या गादीवर बसून गेली. तव्हा कुठली समिती आली होती?

पण खरा घाव घरातून बसला. माझा दयानंद, शिवांगीचा बाप. सून आन तो दोघं लातूरला क्लासात शिकवतात, पोरगी माझ्यापाशी, हे तुला काय सांगायचं. फोनवर म्हणला, "आई, लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती. आन तू बर्फाचा खेळ मांडायलीस?"

म्या म्हणलं, तुझ्या क्लासात भिंतीभिंतीला गार हवेचं यंत्र लावलंय. पाठ करणाऱ्या पोरांना गारवा चालतो. खेळणाऱ्या पोरींना पायजे म्हणलं की तुला रेल्वे आठवली का?

फोन ठेवला. पण खोटं कामून बोलू, ते लागलं मला. ती घागरींची रांग मी बी बघितलीय. दुसऱ्या दिवशी समीक्षाला धरलं. म्हणलं, मला नीट सांग, किती पाणी पिणार हा बर्फ? तिनं सांगितलं की आज्जी, एकदा भरलं की तेच पाणी गोठून राहतं, वरून थोडं थोडं लागतं. तरी माझं मन भरलं न्हाई. मग ठरवून घेतलं. एवढं मोठं छत, त्याचं सगळं पावसाचं पाणी आपल्या धुऱ्यावरच्या विहिरीत उतरलं पायजे. आधी विहीर भरंल, मग बर्फ. विहिरीनं तळ दाखवला त्या साली बर्फाला कुलूप. भाऊजी तोंड वाकडं करून राहिले, पण लिवलं.

आता तुझं ऐक. पट्टीशिवाय ते घर बसत न्हाई आन वाट बी तिथूनच. भाऊजी म्हणले, जन्नतबी भाभीची सही दिवाळीपर्यंत आली न्हाई तर सगळी बाग उचलून बायपासला न्यावी लागंल. तिथले जागावाले तयार हायेत. तिथं फाटक येणार, तिकीट येणार. आपल्या गल्लीतल्या पोरी चालत कशा जाणार तिथं, ट्रॅक्टरच्या मधून?

म्हंजे तुझ्या रुसव्याला गावच्या पोरी टांगून ठेवल्यास तू. बाई, एवढा कसला तोरा? जमीन द्यायची न्हवती तर रस्त्यावर उभं राहून बोललीस कामून? सही कर. न्हाई तर न्हाई म्हण, पण तोंड उघडून म्हण. मुकं भांडण मला जमत न्हाई. तुझ्या घरासमोरून जाताना मी आता मान फिरवून जाते. शेळ्या बसू देत.

गुणा


दसऱ्याचं सोनं वाटून आल्यावर

जन्नत,

भराभर लिवायलेय. अक्षर वाचता येईना तर मुबश्शिरानं अंदाजानं वाचावं.

मी शेंगा फोडत बसले होते. शिवांगी मुबश्शिराशी फोनवर बोलायली होती, तो फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावतात ह्या पोरी. मुबश्शिरा म्हणली, "आज्जी पत्रात लिवते, आवतण पायजे होतं का. पण आवतण तर आलं होतं की."

म्या फोन हिसकावून घेतला. म्हणलं, कसलं आवतण? कुणाचं?

पोरीनं सगळं सांगितलं. येळवशीच्या आदल्या दिवशी शेषेराव भाऊजी आले होते. फेटा बांधून, पानसुपारी घेऊन. आत आले न्हाईत. पायरीच्या खाली उभे राहिले. म्हणले, गुणावहिनींच्या रानात येळवशीला सहकुटुंब यायचं करा. आन त्याच दमात म्हणले, तेवढं पट्टीचं बी बघा. तू हाव म्हणलीस आन दार लावलंस. मग चुलीपाशी गेलीस, वाडग्यात भिजत घातलेली चिंच उचललीस, आन परसात पेरूच्या बुडाला ओतलीस.

चिंच भिजलेली होती.

म्हंजे तू येणार होतीस. उजाडायच्या आत येणार होतीस.

आन तुला आवतण गेलं. माझ्या नावानं. सहकुटुंब. तुझ्या सासऱ्याच्या मयतीला माझ्या घरची चूल तुमच्यासाठी पेटली. दयानंद तुझ्या मांडीवर वाढला. माझे मालक गेले तव्हा माझ्या हातच्या बांगड्यांना तू कुणाला हात लावू दिला न्हाईस. तिला पायरीखाली उभं राहून सहकुटुंब यायचं करा? गावात नवीन बदलून आलेल्या तलाठ्याला असं बोलवतात.

भाऊजींचं मी बघते. त्यांचं सोनं अजून माझ्या देव्हाऱ्यात पडलंय, ते मी परत नेऊन टाकणार हाय.

पण तुला बी सोडत न्हाई. तुला वाटलं म्या पाठवलं त्यांना? जमिनीसाठी आवतण, असं वाटलं ना? आन ते वाटून घेऊन तू कुलूप लावून गेलीस? अगं, माझ्या नावानं दारात उभं राहून कुणी बी काही बी बोलंल आन तू ते खरं धरशील? दोन गल्ल्या टाकून यायचं होतंस. माझ्या अंगणात उभं राहून मला शिव्या द्यायच्या होत्यास, गावानं ऐकल्या असत्या तर ऐकल्या असत्या. शिवी दिली असतीस तर मी समजले असते. हाव म्हणून दार लावलंस. पाव्हणीसारखी वागलीस की तू बी.

आन मी मूर्ख इकडून प्रत्येक पाकिटात पट्टी, पट्टी करून राहिले. तू म्हणली असशील, बरोबरच हाय, हिला तेवढंच पायजे.

मुबश्शिरा, पुढचं वाचू नको, कागद दादीच्या हातात दे.

जन्नत, मी शेळ्या हाकलायला जात न्हवते.

गुणा


दिवाळी पाडवा

जन्नत,

फराळाचं पाठवलं न्हाई. पाठवलं असतं तर तू म्हणली असतीस, पुन्हा कागद मागायली.

आता ऐक काय झालं ते. पुढच्याच बैठकीला गेले. सगळे बसलेले, चहा आलेला. म्या उभ्यानं विचारलं, भाऊजी, जन्नतच्या दारात तुम्ही माझं आवतण घेऊन गेला होता का?

म्हणले, हाव वहिनी. गेलो होतो की. मान दिला. सगळ्या गावाला आवतण दिलं, एक घर राहायला नको. भाभी तर जमीन देणार होत्या, म्हणून मी स्वतः गेलो, फेटा बांधून.

त्यांना खरंच काही कळलेलं न्हवतं, जन्नत. हेच मला जास्त झोंबलं. मुद्दाम केलं असतं तर भांडायला सोपं होतं. हा माणूस फेट्यासकट तिथं उभा राहून घर मोडून आला आन त्याला वाटायलं की मान दिला.

म्या म्हणलं, "भाऊजी, तुमच्या बायकोला येळवशीचं आवतण देता का? पायरीखाली उभं राहून?"

ते म्हणले, असं कसं, ती घरचीच हाय.

म्या त्यांच्या फेट्याकडं बघितलं. अप्पा पयल्यांदा माझ्या बाजूनं हालले, म्हणले, शेषेराव, चुकलं तुमचं. मग भाऊजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणले, मी नांदेडला जातो, भाभीचे पाय धरतो. म्या म्हणलं, खबरदार. तुम्ही गेला की सोबत पट्टी जाते. आता तुम्ही तिच्या दारात दिसायचं न्हाई.

मग समीक्षाला म्हणलं, पोरी, खोडरबर हाय का? पट्टी काढ नकाशातून.

ती म्हणली, आज्जी, मग वाट कुठून? आन बर्फाचं घर कसं बसंल?

म्या म्हणलं, माझा गोठा कुणाला लागतो? तो पलीकडच्या रस्त्याला भिडलाय. गोठा पाडा, तिथून वाट घ्या. घर फिरवून बसवा. तिनं बराच वेळ पट्टी लावून रेघा मारल्या, मारायची पट्टी, तुझी न्हवं. मग म्हणली, बसतंय आज्जी, जरा तिरकं बसतंय. म्या म्हणलं, बसू दे. आमच्याकडं सगळंच तिरकं हाय सध्या.

छताचं पाणी विहिरीतच येणार. अर्धी विहीर तुझी, तव्हा तुझ्या अर्ध्यात बी पडंल, त्याला सही लागत न्हाई.

गोठा पाडला. मातीचे बैल काढून देव्हाऱ्याखाली ठेवले. पाडताना भाऊजी शेजारी उभे होते, हळूच म्हणले, "वहिनी, आमच्या वडलांच्या हातचा गोठा पाडून दिला तुम्ही. त्यापेक्षा भाभीला एक शब्द लिवा ना, या म्हणून."

"तोच एक शब्द नडलाय, भाऊजी," म्या म्हणलं.

तर बाग इथंच होणार. बायपासला जात न्हाई. तुझी सही नको, पट्टी नको, काही नको. आता ह्या पत्रात तुझ्यापाशी मागायचं काही राहिलं न्हाई, तेवढंच कळवायचं होतं. राग हाय तो हायच. तुझा बी असंल. तो जिलानीच्या दुकानात चपलांच्या खोक्यात ठेवू नको, बुरशी धरंल.

गुणा


येळवशीचा आदला दिवस, सकाळ

जन्नत,

पोस्टमनला विचारून आले. म्हणला, आज्जी, आज टाकलं तर नांदेडात परवा मिळंल, त्याच्या आधी न्हाई. म्या म्हणलं, मला तेच पायजे. म्हंजे हे तुझ्या हातात पडंल तव्हा येळवस होऊन गेलेली असंल. तव्हा हे आवतण न्हाई. गुणानं बोलवलं असं कुणी म्हणायचं न्हाई. शिवांगीला बी बजावलंय, मुबश्शिराला फोनवर ये म्हणलीस तर चाकाचे बूट विहिरीत टाकीन. ती रडली. म्हणली, आज्जी, तू लई वाईट हायस, एक फोन केला तर काय झालं. तिला अजून कळत न्हाई. तिला आवतण म्हंजे कार्ड वाटतं.

रानात चुन्यानं आखणी झालीय. कुठं झोका, कुठं वाट, कुठं बर्फ. पांढऱ्या रेघांच्या मधून शिवांगी हात पसरून पळते, पायात काहीच न्हाई, म्हणते, आज्जी, मी बर्फावर हाय. कडब्याची कोप दरसालच्या जागीच घातली, लिंबाजवळ. ती बरोबर बर्फाच्या घराच्या दारात आली. समीक्षा म्हणली, काढायची का? म्या म्हणलं, उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई, मग बघू. आखणीचा चुना उरला होता, तोच पांडवांना लावला. चांगले उजळलेत.

ताक लावून ठेवलं, आंबील संध्याकाळी करीन. बिंदगं घासलं. तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलून झाल्या, शिवांगीनं अर्ध्या खाल्ल्या. ज्वारीचे उंडे मी करीन, तुझे नेहमी फुटतात, तू मान न मान. भाऊजी सगळ्या गावाला आवतण देऊन आले, ह्या साली फेटा न बांधता. तुझ्या गल्लीत गेले, तुझ्या दारासमोर थांबले न्हाईत. मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते.

तुला वाटंल, मग हे लिवलं कशासाठी. सांगते. परवा हे वाचशील तव्हा तू कुठं असशील ते मला ठाऊक न्हाई. नांदेडात असशील तर वाचून फाडून टाक, आन मी भज्जी कशी खाल्ली ते विचारू नको. आन नांदेडात नसशील, तर जिलानी फोन करून सांगंल की अम्मी, तुझं पाकीट आलंय, आन तू म्हणशील, राहू दे तिथंच, मला ठाऊक हाय ती काय लिवते.

मागच्या दाराला कडी न्हाई, नुसतं लोटलेलं हाय.

चिंच बरणीतून काढली. निवडली. वाडग्यात ठेवली. भिजवलेली न्हाई.

अजून रागातलीच,
गुणा